घड्याळबुवांचे पाच

घड्याळबुवा मोजायला लागले की अख्खी लॅब मूग गिळून गप्प बसायची. भक्तीने नव्हे, अनुभवाने. एकदा कुणीतरी ऐन मोजणीत शिंकलं होतं, तर बुवांनी त्याला पुढचे दोन दिवस शिंक कशी दाबावी हे शिकवलं होतं.

“एक,” म्हणत ते चिमट्याने टाकीतून पोलादाची कांडी उचलायचे. “दोन,” म्हणत वळायचे. “तीन,” म्हणत ती कांडी मशीनच्या बैठकीवर आडवी ठेवायचे. “चार”ला हात मागे. आणि “पाच”ला दांडा ओढला की वर अडकवलेला जड हातोडा झोक्यासारखा खाली यायचा, वाटेतली कांडी मोडायचा आणि पलीकडे वर जायचा. कांडी चिवट असेल तर त्याचा जोर तिच्यातच खर्ची पडे आणि तो थोडाच वर चढे. ठिसूळ असेल तर मधे कुणी आलंच नाही अशा थाटात वरपर्यंत जाई. कांडीने किती जोर खाल्ला त्याचा आकडा काट्यावर ज्यूलमध्ये यायचा, तो वहीत जायचा. एकतीस वर्षं हेच. दिवसाला तीस कांड्या, कधी चाळीस. जगात इतकी कामं असताना आपल्या वाट्याला मोडतोडच का यावी, हा प्रश्न बुवांना पहिली दोन वर्षं पडला होता. नंतर तो पडायचाही कंटाळला.

कांड्या पाइपांच्या असत. जमिनीखालून दूरवर गॅस वाहून नेणारे जाड पाइप. त्यातलं पोलाद ठिसूळ निघालं आणि कुठे तडा गेला, तर तो तडा जागेवर राहत नाही, पाइपाच्या अंगावरून पळत सुटतो. म्हणून प्रत्येक हीटमधून, म्हणजे भट्टीतून एका वेळी ओतलेल्या मालातून, बोटाएवढ्या तीन कांड्या कापायच्या, मधोमध बारीक खाच पाडायची, सुका बर्फ टाकलेल्या स्पिरिटमध्ये त्या उणे चाळीसपर्यंत गार करायच्या आणि मोडून बघायच्या. गारठलेलं पोलाद खरं काय ते सांगतं. पण कांडी टाकीबाहेर आली, चिमट्यात राहिली, बैठकीवर टेकली, की तिच्यात ऊब शिरायला लागते, आणि उबेत ती अंगात नसलेला चिवटपणा दाखवू लागते. म्हणून नियम होता की उचलल्यापासून मोडेपर्यंत पाच सेकंद. सहा झाले तर ती कांडी धरायची नाही.

या पाच सेकंदांवर बुवांची सगळी इभ्रत उभी होती. ते स्टॉपवॉच वापरत नसत. एक म्हणजे उचल, दोन म्हणजे वळ, तीन म्हणजे ठेव, चार म्हणजे हात काढ, पाच म्हणजे सोड. हे अंगात भिनलं की घड्याळ कशाला हवं, असं त्यांचं म्हणणं. पाच वर्षांपूर्वी बाहेरून तपासणीला आलेल्या एका साहेबांनी यावर हरकत घेतली. बुवांनी त्यांच्याच हातात घड्याळ दिलं आणि ओळीने दहा कांड्या मोडून दाखवल्या. दहाही वेळा पाच, किंवा केसभर कमी. साहेब हसून गेले. लॅबच्या प्रमुख मॅडमनी कामाच्या पद्धतीच्या कागदात “अनुभवी कर्मचाऱ्याची तोंडी मोजणी ग्राह्य” अशी ओळ घातली आणि खाली सही केली. स्टॉपवॉच ड्रॉवरमध्ये गेलं ते गेलंच.

मॅडम म्हणजे अठरा वर्षांपूर्वी याच टेबलाशी बुवांच्या हाताखाली शिकायला आलेली मुलगी. ती वर गेली, बुवा हातोड्यापाशीच राहिले. ती प्रमुख झाली त्या दिवसापासून बुवा तिला अहोजाहो करू लागले. तिला ते कधी आवडलं नाही. ती त्यांना पूर्वीसारखंच “मास्तर” म्हणत राहिली.

त्या दिवशी दुपारी चौतिसावी कांडी मोडून बुवा स्टुलावर टेकले. उजवा खांदा ठणकत होता. गेलं वर्ष-सव्वा वर्ष तो आखडला होता. शर्ट घालताना बायकोला बाही धरावी लागे. कामात ते कुणाला काही दाखवत नसत.

“बुवा,” खाचवाला आपल्या मशीनवरून म्हणाला. कांड्यांना खाच पाडणारा हा गडी त्यांचा बावीस वर्षांचा सोबती, आणि जिभेला हाड नसलेला माणूस. “हल्ली तुमच्या पाचात माझा अख्खा चहा पिऊन होतो.”

“तू पितोस कुठे? नुसता घशात ओततोस.”

“ओतायलाही वेळ लागतो की.”

“मोजत बसण्यापेक्षा खाचा नीट पाड.” बुवांनी वहीतले आकडे पुन्हा पाहिले. “माल मात्र सुधारलाय हं. पूर्वी दर महिन्याला एखादी हीट तरी आडवी पडायची. आता वर्ष झालं, एक नाही.”

“भट्टीवाल्यांना अक्कल आली म्हणायची.”

“आली बाबा. उशिरा का होईना, आली.” बुवांनी हे समाधानाने म्हटलं. निवृत्तीला आठ महिने राहिले होते, आणि आपण जाताना तरी माल चांगला येतोय याचं त्यांना बरं वाटत होतं.

संध्याकाळी ते व्यायामाच्या बाईंकडे गेले. बायकोने तीन महिने मागे लागून त्यांना तिथे धाडलं होतं. औषधाच्या दुकानावरच्या त्या खोलीत दोन खाटा होत्या, भिंतीला लाकडी शिडी होती, छताला दोरी-कप्पी टांगली होती. बाई तिशीच्या आत-बाहेरच्या, एकाच वेळी तीन पेशंट सांभाळणाऱ्या, त्यामुळे हातातल्या घड्याळावर सदा एक डोळा.

“बोटं भिंतीवर चालवत हात वर न्या, काका. दुखायला लागलं की थांबायचं, पाच मोजायचे, मग खाली. दहा वेळा.”

बुवांनी हात वर नेला. कपाळाएवढ्या उंचीवर खांद्यात कळ आली. तिथे थांबून त्यांनी मोजलं आणि हात खाली आणला.

“पाच सांगितले होते, काका.”

“पाचच मोजले.”

“नऊ झाले.”

“घड्याळ पुढे असेल तुमचं.”

“वेळ पुढे असेल, सेकंद कसे पुढे असतील?” बाई हसल्या. “पुन्हा करा, मी बघते.”

बुवा मनातून चिडले. मोजणी त्यांना कुणी शिकवावी, आणि तीही काल-परवाच्या पोरीने? त्यांनी मुद्दाम मोठ्याने मोजलं. बाईंनी घड्याळ त्यांच्यासमोर धरलं. सेकंदाचा काटा त्यांच्या “एक”ला बारावर होता. “पाच”ला तो नऊ सेकंदांच्या खुणेपुढे पोचला होता.

“उद्या दुखेल हं अशाने. जरा भरभर मोजत जा,” असं म्हणून बाई दुसऱ्या खाटेवरच्या गुडघ्याकडे वळल्या. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता.

बुवा भिंतीवर हात टेकून उभेच राहिले. पाचावर धारण बसणं म्हणतात ते त्यांना त्या खोलीत कळलं. कारण मोजताना मनात काय चाललं होतं ते त्यांना स्वच्छ आठवत होतं. उचल, वळ, ठेव, हात काढ, सोड. आकडे घड्याळाबरोबर चालतच नव्हते, हाताबरोबर चालत होते. हात तरुण होता तोवर हात आणि घड्याळ यांचं जमत होतं. मग खांदा आखडला, वळायला वेळ लागू लागला, कांडी बैठकीवर नेमकी बसवायला वेळ लागू लागला. आणि आकडे मुकाट्याने हातासाठी थांबू लागले. “दोन” वळून होईपर्यंत थांबला, “तीन” कांडी बसेपर्यंत. बुवांना वाटत राहिलं, पाचच झाले.

माल सुधारला नव्हता. ते मंदावले होते.

घरी आल्यावर ते थेट स्वयंपाकघरात गेले. पातेल्यात पाणी घेतलं, त्यात चमचा टाकला आणि भांडी उचलायची पक्कड हातात घेतली.

“हे काय आरंभलंय?” बायकोने विचारलं.

“मोबाइलमधलं घड्याळ लाव. मी एक म्हटलं की सुरू, पाचला बंद.”

त्यांनी चमचा उचलला, वळले, टेबलाच्या कडेवर आडवा ठेवला, हात काढला आणि हवेत दांडा ओढला. चमच्यातून टेबलावर पाणी ठिबकलं.

“साडेनऊ,” बायको म्हणाली. “आणि टेबल तुम्ही पुसायचं आहे.”

त्यांनी टेबल पुसलं आणि मग खुर्चीवर बसून तिला सगळं सांगितलं. एकतीस वर्षांत तिच्या उणे चाळीस आणि ज्यूल हे शब्द कानावरून गेले होते, पण ऐकून घेण्याची वेळ आज आली. ती गॅस बंद करून समोर बसली.

“म्हणजे वाईट पाइप चांगले म्हणून गेले?”

“सगळे नाही. चार-पाच सेकंदांनी कांडी किती तापणार? एखाद-दोन अंश. चांगल्या पोलादाला त्याचं काही नाही. पण जे काठावर उभं असतं त्याला तेवढं पुरतं.”

“मग सांगून टाका.”

“सगळ्या कागदांवर तिची सही आहे. मला घड्याळ नको म्हणून तिने स्वतःच्या जबाबदारीवर लिहून दिलंय. माझे आठ महिने राहिलेत, मी जाईन घरी. तिची नोकरी वीस वर्षं आहे अजून.”

बायको उठली. तिने गॅस पुन्हा पेटवला.

“खांद्याचा व्यायाम राहिलाय ना? करा. मी मोजते,” ती म्हणाली, आणि तिच्या नेहमीच्या घाईने “एकदोनतीनचारपाच” म्हणून मोकळी झाली. एरवी बुवा यावर “मोजतेस की उरकतेस?” असं हमखास म्हणत आणि स्वतःच्या मोजणीने हात धरून राहत. त्या दिवशी त्यांनी व्यायामच केला नाही.

झोप धड लागली नाही. सकाळी ते सगळ्यांच्या आधी लॅबमध्ये आले आणि मागच्या मांडणीवरचे डबे काढून बसले. मोडलेल्या कांड्यांचे दोन्ही तुकडे तारेने बांधून, चिठ्ठी लावून दोन वर्षं ठेवायची पद्धत होती. चिवट पोलाद मोडताना फाटतं, त्याचं तोंड करडं, मळकं दिसतं. ठिसूळ मोडलं की तोंड साखरेसारखं चमकतं. बुवांनी चष्मा पुसला, एकेक जोडी खिडकीशी नेऊन पाहिली. बहुतेक करडी होती. पण काही तोंडांवर मधोमध चमक होती, आणि ती त्यांनी पूर्वी पाहिलेली असूनही पाहिली नव्हती. आकडा पास होता ना! आकडा पास असला की डोळे आपोआप पुढच्या कांडीकडे जातात.

तीन कांड्यांची सरासरी चाळीस ज्यूल लागायची, आणि एकही तीसच्या खाली चालायची नाही. वहीतून त्यांनी काठावरच्या चार हीट काढल्या. एकीचे आकडे होते चव्वेचाळीस, एक्केचाळीस, सेहेचाळीस.

याला पळवाट होती, आणि ती बुवांहून चांगली कुणाला ठाऊक नव्हती. हातोड्याखाली एकाच पाइपाच्या तीन कांड्या तीन आकडे देतात. उद्या काही निघालंच तर “मालच उन्नीस-बीस असतो” म्हणता येतं, आणि ते खोटंही नसतं. कुणी विचारणार नव्हतं. आठ महिने ड्रॉवरमधलं घड्याळ मुकाट वापरलं असतं तरी चाललं असतं. बुवा चौथ्या हीटची एक जोडी हातात घेऊन बराच वेळ बसले. त्यांना फार थकल्यासारखं वाटत होतं, आणि हा थकवा खांद्याचा नव्हता. मग ते उठले.

मॅडम टेबलाशी होत्या. चष्मा डोक्यावर, समोर रिपोर्टांची चळत, आणि कालचा डबा न उघडलेला, तसाच खिडकीत.

“मॅडम, एक सांगायचं होतं.”

“रजा ना? घ्या, मास्तर. खांदा दिसतोय मला, तुम्ही कितीही लपवा.”

“रजा नाही. माझे पाच नऊ झालेत.”

ती हसली. बुवा हसले नाहीत. मग तिने चष्मा डोळ्यांवर ओढला. बुवांनी सांगितलं, उभ्या-उभ्याच, काही न सजवता. व्यायामाच्या बाई, चमचा, डब्यातली चमक, चार हीट.

“कधीपासून?”

“खांदा धरला तेव्हापासून असणार. चौदा महिने.”

तिने ड्रॉवर उघडून स्टॉपवॉच काढलं. ते बंद पडलं होतं. तिने मोबाइल घेतला आणि हातोड्यापाशी आली. खाचवाल्याने मशीन थांबवली.

“करा,” ती म्हणाली. “हातोडा न लावता.”

बुवांनी कोरड्या टाकीतून कांडी उचलून बैठकीवर ठेवली आणि “पाच” म्हटलं.

“आठ पूर्णांक नऊ. पुन्हा.”

“पुन्हा तेच येईल.”

“करा, मास्तर.”

नऊ पूर्णांक दोन आले. खाचवाला हातातला कप खाली ठेवून म्हणाला, “मी रोज सांगत होतो चहाचं. आणि मी काय सांगतोय ते मलाच कळत नव्हतं.”

मॅडमनी मोबाइल बुवांच्या हातात दिला आणि त्यांच्याकडून चिमटा घेतला. प्रमुखाच्या टेबलावर जाऊन तिला अकरा वर्षं झाली होती. एवढ्या काळात तिने चिमट्याला हात लावला नव्हता. तिने तो दोनदा उघडून-मिटून पाहिला आणि टाकीसमोर उभी राहिली.

“एक,” ती म्हणाली.

बुवांनी मान वर केली. तो त्यांचा सूर होता. “दोन”वर जरा टेकायचं, “तीन” किंचित वर उचलायचा, “चार” दाबून म्हणायचा. हे कुणाला शिकवल्याचं त्यांना आठवत नव्हतं. स्वतःची मोजणी अशी ऐकू येते हेही त्यांना माहीत नव्हतं. “पाच”ला त्यांनी बटण दाबलं.

“किती?”

“चार पूर्णांक नऊ.”

तिने पुन्हा केलं. पाच. पुन्हा केलं. पाचला केसभर कमी.

“हे तुमचेच आहेत, मास्तर,” ती म्हणाली. “अठरा वर्षांपूर्वीचे. मला दुसरे कुठे येतात?”

बुवांना आनंद झाला, आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली. एक शेवटची आशा त्यांनी कुठेतरी धरून ठेवली होती की आपली मोजणी पहिल्यापासूनच लांब असेल, म्हणजे मग काहीच बिघडलं नाही, एकतीस वर्षं असंच चाललंय आणि सगळे पाइप सुखरूप आहेत. तीही गेली. त्यांचे पाच एके काळी बिनचूक होते. ते मॅडमच्या अंगात जसेच्या तसे होते.

“तुझी सही आहे गं सगळ्यावर,” ते म्हणाले. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून तिच्यासाठी एकेरी निघालं, आणि दोघांनीही ते तसंच जाऊ दिलं.

“माहीत आहे. राखीव तुकडे काढा.”

प्रत्येक हीटचा एक न कापलेला तुकडा शेल्फवर असायचा, तो अशाच दिवसासाठी. दुपारपर्यंत खाचवाल्याने बारा कांड्या घडवल्या, तोंडातून एकही विनोद न काढता. बुवांनी सुका बर्फ फोडला, टाकीचा काटा उणे चाळीसवर आणला. चिमटाही टाकीतच गार करून ठेवला. मग मोबाइल घेऊन स्टुलावर बसले. हातोड्यापाशी मॅडम उभ्या राहिल्या.

पहिली हीट पास झाली. दुसरी पास. तिसरीची एक कांडी बत्तीसवर आली, पण सरासरी चाळीसच्या वर राहिली. खाचवाल्याने सुस्कारा सोडला.

चौथीची पहिली कांडी एकतीस. दुसरीला हातोडा खाली आला तो जवळजवळ न अडखळता वर गेला. आवाजच निराळा झाला, कोरडा. बुवांनी काटा बघायच्या आधी ओळखलं. सत्तावीस. तिसरी छत्तीस.

मॅडमनी तुकडे उचलून खिडकीशी नेले. तोंडं चमकत होती.

“सरासरी एकतीसच्या आसपास,” बुवा म्हणाले. “थोडं मालाचं उन्नीस-बीसही असेल त्यात.”

“असेल. थोडं ते, थोडं तुमचे चार सेकंद. पण माझी सही काही थोडी-थोडी नसते ना, मास्तर.”

तिने तिथूनच फोन लावला. पाइप टाकणाऱ्यांचा माणूस पलीकडे होता. त्याचं बोलणं बुवांपर्यंत पोचत नव्हतं, पण थोड्या वेळाने ओरडणं पोचायला लागलं. मॅडमनी फोन कानापासून जरा लांब धरला. या हीटचे चोवीस पाइप होते. तेरा चरालगत पडून होते. अकरा जोडून, वेष्टन चढवून जमिनीत गेले होते, वर माती लोटलेली.

“गॅस सोडलाय का?” तिने विचारलं. उत्तर ऐकून तिने डोळे क्षणभर मिटले. “नाही ना? मग खोदून काढा. हो, अकराच्या अकरा. कागद आज पाठवते. कारणही लिहून पाठवते.”

फोन ठेवून ती बुवांच्याच स्टुलावर बसली आणि बुवा उभे राहिले. टाकीतला बर्फ बुडबुडत होता. मग तिने फॉर्म पुढे ओढला.

“कारण काय लिहिताय?” बुवांनी विचारलं.

“चाचणीत वेळ घड्याळाने मोजली नाही. जबाबदारी प्रमुखाची.”

“माझं लिहा. मोजत मी होतो.”

“ती ओळ मी घातली होती.”

“ती ओळ घातलीत तेव्हा माझे पाच बरोबर होते.”

“तेच म्हणतेय मी,” ती म्हणाली. तिचा आवाज आता दमला होता. “तेव्हा मी ऐकायचे, मास्तर. वरच्या खोलीत बसून रोज ऐकायचे आणि मनात म्हणायचे, बरोबर. मग कामं वाढली. आवाज येत राहिला, मी ऐकायचं सोडलं. तुम्हाला नसेल कळलं. मला कळायला हवं होतं, मलाच तर येत होते.”

तिने लिहिलं. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून त्याच्याखाली आणखी एक ओळ लिहिली आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. “चूक चाचणी करणाऱ्याने स्वतः शोधली व स्वतः कळवली.” बुवांनी सही केली. सही करतानाही खांदा दुखला.

चौदा महिन्यांच्या राखीव तुकड्यांचा हिशेब खाचवाल्याने बोटांवर केला. रोजचं काम सांभाळून सात-आठ महिने लागणार होते. म्हणजे बुवांची निवृत्ती येईपर्यंत सगळं पुन्हा मोडायचं.

“उद्यापासून रोज सकाळी चिमटा माझ्याकडे, नवं-जुनं दोन्ही,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही घड्याळ धरा.”

“बरं.”

“आणि मोठ्याने सांगा. माझे वाढले तर लगेच.”

“सांगेन,” बुवा म्हणाले. चिमटा पुसून त्यांनी तो तिच्या बाजूच्या खिळ्याला लावला.

घरी आल्यावर बायकोने बुवांकडे पाहिलं. चेहऱ्यावर सगळं आलं होतं. तिने शर्टाची बाही धरली, त्यांनी हात सोडवून घेतला. पाणी पिऊन ते स्वयंपाकघराच्या भिंतीशी जाऊन उभे राहिले आणि बोटं चालवत हात वर नेऊ लागले. कपाळाच्या जरा वर कळ आली तिथे ते थांबले.

“मोजताय ना?” तिने पाठमोरीच विचारलं.

“नाही,” ते म्हणाले. “तू मोज.”

ती हातातलं काम थांबवून वळली. त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत एरवीची घाई न करता एकेक आकडा म्हणू लागली. तिच्या पाचला बुवांनी हात खाली घेतला.